गोदामावशीकडं निघालेली गाडी

चैत्र वद्य नवमी

तीर्थरूप मानसिंगदादांच्या पायांशी धाकट्या सुलक्षणाचा नमस्कार.

इकडं मेंगाईच्या कृपेनं सगळे खुशाल आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुमच्या गुडघ्याला आराम पडला का? निर्गुडीचं तेल लावता की नुसतं कपाटात ठेवता? सारोळ्याला स्पेअरपार्टच्या दुकानात दिवसभर उभे राहू नका. बसून विकलेला नटसुद्धा तेवढाच घट्ट बसतो. फोन सोडून पत्र का, तर आमच्याकडं रेंज फक्त मारुतीच्या पारावर येते, आणि सध्या दोन्ही वेळा पारावर हे बसलेले असतात, तेही कोणाशी न बोलता. म्हणून हे पत्र दुधाच्या टेम्पोवाल्या कुमारजवळ देते आहे.

आमच्या सासूबाई, म्हणजे साळूबाई, यांची थोरली बहीण गोदामावशी वरच्या वाडीला डोंगरावर एकटी राहते. दोघींची अकरा वर्षं गाठ नाही. वर जायला पायवाट तेवढी आहे. सासूबाईंचे गुडघे उंबऱ्यापाशीच नकार देतात, आणि गोदामावशी नऊ शेळ्या कुणाच्या भरवशावर सोडून खाली येत नाही. डोलीचं विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "चौघांनी उचलायचं ते एकदाच, आन् तवा मला कळायचं न्हाई." शिमगा झाल्यावर, फाल्गुन सरता सरता मावशीचा निरोप आला, की साळीला एकदा बघायचंय, पाऊस लागायच्या आत आण. पाऊस लागला की ती वाट दसऱ्यापर्यंत मिटते, आणि त्या वयात दसरा कोणी धरून चालावा? ह्यांनी निरोप ऐकला आणि चार दिवसांनी ती गाडी आणली.

गाडी म्हणजे चार फुगीर चाकांची मोटारसायकल. धरणाकडच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टवर पाहुण्यांना फिरवायला होती. छप्पर नाही, दार नाही, लाज नाही. (अमावास्येला आली म्हणून मी तिला एक रात्र फाटकाबाहेर ठेवली. तेव्हापासून ती माझ्यावर डूख धरून आहे असं मला वाटतं.) टू-स्ट्रोक असल्यामुळं तिचं ऑइल पेट्रोलातच मिसळावं लागतं. ते मापायला सासूबाईंच्या काढ्याचं टोपण घेतलंय, त्यामुळं काढ्याला आता दोन-स्ट्रोकी वास येतो, पण खोकला खरंच कमी आहे.

पहिल्या दिवशी किणकिण आवाज आला. ह्यांनी सायलेन्सरचा नट आवळला, तो थांबला, आम्ही नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी चढाला लावली तर डब्यात खडे हलवावेत तसा खडखडाट, आणि इंजिन असं तापलं की वर भाकरी भाजली असती. (आवाज मी घरखर्चाच्या वहीत मागच्या पानावर तारीखवार लिहून ठेवलेत. 'खडखड, चढाला' असे पाच दिवस आहेत.) गावात प्रत्येकानं वेगळा रोग सांगितला. शेवटी धनाजीभाऊंना बोलावलं. ते फवारणीचे पंप आणि गवत कापायची मशीनं दुरुस्त करतात, तीही टू-स्ट्रोकच. त्यांनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "हिला पेट्रोल कमी पडतंय. कार्बोरेटरात पितळी जेट हाय, त्याचं भोक बुजलंय. तेवढं साफ करा."

ह्यांनी कार्बोरेटर खोलून सगळे जिन्नस माझ्या नैवेद्याच्या ताटात मांडले. दुसऱ्या दिवशी परत जोडला. खडखडाट गेला हो, अगदी गेला. त्याच्या जागी दुसराच रोग आला. आता गाडी सपाटीला कोंबडीसारखी फडफडत जाते, मागं काळा धूर सोडते, आणि चढ दिसला की मान टाकते. प्लग काढावा तर ओला, काळाकुट्ट, चुलीतून काढल्यासारखा. धनाजीभाऊ परत आले, प्लग बघितला आणि ह्यांना विचारलं, "दादा, जेटात तार-बिर घातली हुती का?" ह्यांनी आईच्या गळ्याची शपथ घेतली, की नाही. मग हे तापले, की तुझ्याच सांगण्यावरून बिघडलं. धनाजीभाऊ म्हणाले, "तुमी म्हणताय तर न्हाई घातली," आणि चहा न घेता गेले. आमच्या दारातून माणूस चहा न घेता जायची ही पहिली वेळ. मी ताट घेऊन दारातच उभी होते. दोघं आता पारावर एकमेकांकडं पाठ करून बसतात.

रोज सकाळी काय चालतं ते सांगते. सासूबाई अंघोळ करतात, ठेवणीतलं लुगडं नेसतात, बहिणीसाठी कुरडया, मिश्री आणि लाडू बांधलेलं गाठोडं मांडीवर घेऊन ओट्यावर बसतात. हे गाडी चालू करतात. ती फडफडते. हे कुठला तरी स्क्रू अर्धा फेरा फिरवतात. ती आणखी फडफडते. दहा वाजले की सासूबाई गाठोडं सोडतात, "उद्या जाऊ," म्हणतात आणि लुगडं घडी घालून ठेवतात. असे एकोणीस दिवस झाले. लाडू तीनदा शिळे झाले, ते आम्हीच खाल्ले. आता बेसनाचा वाससुद्धा नको वाटतो. पोथी वाचायला बसते तर ओळीवरून बोट जातं आणि कान गाडीकडं. दमले आहे मी, दादा. तुम्हाला या आवाजाचं काही कळत असलं तर चार ओळी लिहाव्यात. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
सुलक्षणा

ता. क. आवाजाचं तुम्ही काही लिहू नका, मला कारण ठाऊक आहे. कागदाच्या घडीत सुतानं बांधलेल्या पुडीत गाडीचा जेट आहे. अंगावर नंबर कोरलाय, चष्मा लावून बघा. त्याच नंबरचा नवा कुमारजवळ लगेच द्या, आणि पुडीवर 'शिवणयंत्राचा भाग' लिहा. कार्बोरेटर ताटात मांडला त्या दिवशी हे मधेच गुरांना पाणी पाजायला गेले होते. मी जेट उजेडात धरला तर पलीकडचं दिसेना. धनाजीभाऊंनी ह्यांना बजावलेलं मी ऐकलं होतं, की फुंकर मारा, पेट्रोलात भिजवा, पण तार घालू नका. पण बावीस वर्षं मी स्टोचं भोक साफ केलं, मला कोण भोक शिकवणार? रॉकेल बंद झालं तरी पिनांचं पाकीट मी टाकलं नव्हतं. घातली पिन, आणि चांगली फिरवली. असा गोल, सुरेख उजेड दिसला की माझं मलाच कौतुक वाटलं. पितळ मऊ असतं हे मला काय माहीत! भोक मोठं झालं, पेट्रोल जास्त जायला लागलं आणि गाडीला अजीर्ण. ह्यांनी शपथ खरी घेतली, धनाजीभाऊ खरं बोलले, खोटी तेवढी मी, आणि मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. काल हे सोसायटीत गेल्यावर जेट मीच काढला. (त्यांना काढताना अकरा वेळा बघितलंय. स्वयंपाक तरी मी कुठं वेगळा शिकले?) आज सकाळी गाडी चालूच झाली नाही. हे डोकं धरून बसले. सासूबाईंनी आज "उद्या जाऊ" म्हटलं नाही. तेव्हा दादा, एक दिवसही लावू नका.

ता. क. दुसरा. काल कुमारचा टेम्पो आलाच नाही, म्हणून पत्र राहिलं. आज सकाळी अंगणात गलका झाला म्हणून बाहेर आले, तर नऊ शेळ्या माझी तुळस खात होत्या आणि मागं काठी टेकत गोदामावशी उभी. ती सासूबाईंना म्हणाली, "साळे, रोज सकाळी गाडीचा आवाज यायचा वर. वाटायचं, निघाली. भाकर टाकून बसायची मी. काल आवाजच न्हाई आला. म्हटलं, माझी साळी गेली." आणि रडायच्या ऐवजी तिनं सासूबाईंच्या पाठीत एक धपाटा घातला. सासूबाई म्हणाल्या, "मेल्यावर आलीस व्हय!" मग दोघी रडल्या.

दोघींना तसं बघून मला राहवेना. धनाजीभाऊंना हाक मारून चहा दिला आणि पिनेचं सांगून टाकलं. ते म्हणाले, "वहिनी, म्या तवाच वळखलं हुतं. तुमच्या हातातलं ताट वाजत हुतं." मग ह्यांनाही सांगितलं. ह्यांनी एवढंच विचारलं, "उरलेल्या पिना कुठं आहेत?" आणि पाकीट घेऊन विहिरीकडं गेले.

ता. क. तिसरा, आणि हाच खरा धरावा. जेट पाठवू नका. मावशी म्हणते, चढ चढून परत जायची नाही, गाडीत बसूनच जाईन. सासूबाईंनी मला आत बोलावून दाराला कडी लावली आणि हळूच विचारलं, "नवा जेट आणायला किती दिस लावता येत्याल?" हे विचारायला आले तर पुण्याहून मागवलाय म्हणून सांगा. त्या खोट्याचं पाप मी घेते, दशमीपासून उपास धरते. शेळ्यांनी तुळशीनंतर मोगरा संपवला, आता त्या माझ्या वहीकडं बघतायत. सासूबाईंना ऐकू कमी येतं, म्हणून मावशी सकाळपासून ओट्यावर अकरा वर्षांचं सगळं ओरडून सांगते आहे. त्या आवाजावर तुमच्याकडं काही इलाज असला, तरी दादा, कळवू नका.