एकतीस फोन

३ मार्च
सुरक्षा समितीचे आम्ही नऊजण. बाजारातल्या त्या स्फोटाने आमच्यापैकी एकाचंही घर सोडलेलं नाही. माझा तर धाकटा भाऊच गेला. आज बैठकीत मी पन्नास मिनिटं बोलले. पायी गस्त, चौक्या, गावकऱ्यांशी बोलणी — दहा वर्षं हेच चाललंय, आणि आपण नुसत्या अंत्ययात्रा काढतोय! आकाशातून मारा, अतिरेक्यांचे तळ उखडून टाका!

एकटे निवृत्त ब्रिगेडियर विरोधात. "ताई, वरून माणूस मुंगीएवढा दिसतो. मुंगीला नाव कसं विचारणार?"

"काका, तुम्ही नावं विचारत बसा. तोवर आपली नावं स्मारकाच्या पाटीवर लागतील."

सगळे हसले. आठ विरुद्ध एक.

४ मार्च
आई म्हणाली, "तू बोललीस की भिंतीलाही पटतं. म्हणून तर धास्ती वाटते."

९ मार्च
नियम ठरला. डोंगरात एका घरी तीसपेक्षा जास्त फोन चार तास हलले नाहीत, तर तो तळ. नकाशे सांभाळणारा अधिकारी खूश — "मॅडम, माणूस खोटं बोलतो, फोन नाही." पटलं. खरं तर वाक्य आवडलं. पुढच्या भाषणासाठी टिपून ठेवलं.

१४ मार्च
पहिला मारा. एकतीस ठार! दिवसभर अभिनंदन. आईने टीव्ही बंद केला.

२० मार्च
ब्रिगेडियरकाका स्वतः डोंगरात पायी जाऊन आले. या वयात! गुडघ्याला पट्टा, बुटांना चिखल. बसा म्हटलं तर बसेनात.

तिथे वीज नाही. अख्ख्या गावात एकाच घरी जनरेटर. सकाळी शेतावर जाताना सगळे आपले फोन तिथे चार्जिंगला टाकतात, संध्याकाळी घेऊन जातात.

"घरात कोण होतं?"

"जनरेटरवाला, त्याची बायको, तिची म्हातारी आई."

"आणि एकतीस?"

"फोन, ताई. ढिगाऱ्यात माणसं मोजायला गेलं होतं कोण?"

युद्धांचे इतिहास मला तोंडपाठ. विजेची तार कुठवर गेलीय, एवढं विचारायला सुचलं नाही!

२१ मार्च
नव्या यादीत अकरा घरं. सगळी त्याच नियमाने निवडलेली. उभी राहिले, चूक कबूल केली. जीव तोडून बोलले. अध्यक्ष लहान मुलीला समजवावं तसे — "ताई, तुमच्याच भाषणावर आपण इथवर आलो. आता तुम्हीच कच खाल्लीत तर कसं व्हायचं?" मागून कुणीतरी पुटपुटलं, "बाईंची झोप उडालेली दिसते."

सात विरुद्ध दोन. मारा परवा दुपारी; त्याआधी फोन पुन्हा मोजणार, तीसच्या वर नसतील तर ते घर वगळणार.

२२ मार्च
गुप्ततेची शपथ घेतलीय. बाहेर एक शब्द काढला तर तुरुंग. त्याचं एवढं नाही. पण मी बोलले तर खरे अतिरेकीही ऐकतील. धाकट्याला मारणाराही सावध होईल, निसटेल. आईला तसं सांगितलं. भाजी चिरायची थांबली. मग म्हणाली, "निसटला तर निसटला. त्या अकरा घरांतल्या आयांनी माझं काय वाकडं केलंय?"

२३ मार्च, सकाळी सात
रेडिओवाला तीन मिनिटं देतोय. रात्री लिहिलेली चारही पानं फाडली. एवढंच वाचणार —

डोंगरातल्या लोकांनो, आज फोन चार्जिंगला देऊ नका. दिले असतील तर आत्ता जाऊन घेऊन या.