दिव्याशी कोण बसणार

५ ऑगस्ट, मंगळवार

डॉक्टरबाई म्हणाल्या, रोज थोडं लिहीत जा, झोपेचं. मी म्हटलं, झोपेचं लिहायचं तर पानं कोरीच राहतील की. हसल्या नाहीत. तरुण आहेत, रात्री छान झोपत असतील.

तर लिहिते. रात्र नेहमीसारखीच. हे पाठ टेकताक्षणी घोरायला लागले. मी आधी छत, मग खिडकी, मग उशीची दुसरी बाजू. पहाटे जरा डोळा लागतोय तोवर दूधवाल्याची स्कूटर. दिवसभर डोकं जड, कुणी नुसती हाक मारली तरी चीड येते. आज कुकर शिट्टी देत होता त्याच्यावर ओरडले. कुकरवर!

७ ऑगस्ट

डॉक्टरकडे का गेलो ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या हेच म्हणतील की मी हौसेने गेले. गेल्या आठवड्यात दूध तापत ठेवलं आणि उभ्या उभ्या डुलकी लागली. दूध उतू गेलं, गॅस विझला, घरभर वास. हे आंघोळीतून टॉवेल गुंडाळून धावत आले. मला एक अक्षर बोलले नाहीत, तेव्हाच कळलं की घाबरलेत. मग सुनेला फोन. मेघाने लगेच डॉक्टरची वेळ घेतली. पुण्याची पोरगी, कामाला चटपटीत.

इतकी वर्षं कुणी का नेलं नाही? मी तरी का गेले नाही? सासूबाई गेल्या त्या वर्षी नवरात्रातल्या अखंड दिव्याची राखण माझ्याकडे आली. विझू द्यायचा नाही, तेल घालायचं, काजळी काढायची. मी जागले. नवरात्र संपलं आणि झोप काही परत आली नाही. विमलाक्का, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, यशवंतपूरहून आल्या, सगळं ऐकलं आणि चक्क हात जोडले. "सुधा, तुला देवीनेच जागं ठेवलंय गं."

झालं! तेव्हापासून माझा आजार म्हणजे घराण्याचा मान. कुणाला पहाटेची गाडी असली की, "काकूंना सांगा उठवायला, त्या जाग्याच असतात." नव्या सुना पाया पडायच्या. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण दिवा वर्षातून एकदा, आणि मी रोज...

१२ ऑगस्ट

डॉक्टरबाईंचे नियम. झोप आली तरच अंथरुणात जायचं. नाही आली तर उठून दुसरीकडे बसायचं. सकाळी उठायची वेळ एकच, रात्र कशीही जावो. दुपारी लवंडायचं नाही. घड्याळाकडे बघायचं नाही. ह्यांनी हॉलमधलं घड्याळ उतरवून कपाटात घातलं, आता दिवसभर तेच मला वेळ विचारतात.

आणि कॉफी फक्त सकाळी! कानडी मुलखात, बसवनगुडीत राहून दुपारची कॉफी नाही. शेजारून डिकॉक्शनचा वास येतो तेव्हा डॉक्टरबाईंना मनातल्या मनात काय काय म्हणते ते इथे लिहीत नाही.

यापूर्वीचे इतरांचे उपाय: जायफळ घातलेलं दूध, तळपायाला काशाची वाटी, भाचीने अमेरिकेहून पाठवलेल्या जेलीसारख्या गोळ्या. मेघाने मोबाइलवर पावसाचा आवाज लावून दिला होता. तो ऐकून नुसती बाथरूमच्या खेपा करत होते.

२० ऑगस्ट

आधीपेक्षा वाईट. आज रडले. गांधीबाजारातून फुलं घेऊन ऑटोत बसले आणि तिथेच झोपले. ड्रायव्हर हाका मारतोय, "अम्मा, मने बंतु, मने!" घर आलं तरी मला पत्ता नाही. केवढा अपमान! गादीवर येत नाही ती ऑटोत येते, हॉर्नच्या गोंगाटात. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग रात्री ऑटोत नेऊन बसवू का?" दोन तास बोलले नाही.

नंतर त्यांनी स्वतः उपमा केला. मीठ जास्त. खाल्ला.

३० ऑगस्ट

झोपले!

काल. खरीखुरी. जाग आली तेव्हा शेजारचा मिक्सर चालू होता आणि ऊन पडद्यावर. आधी वाटलं, कुणाला काही झालं की काय. हे पेपर वाचत होते. म्हणाले, "घोरत होतीस."

"मी?"

"मग काय मी?"

दिवसभर कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. भाजीवालीला सांगितलं. ती म्हणाली, "ओळ्ळेदु अक्का." चांगलं झालं म्हणे. तिला काय कळणार, पण बरं वाटलं.

९ सप्टेंबर

चार रात्री बऱ्या, एक वाईट, पुन्हा बऱ्या. भूक लागते. काल चक्क गुणगुणत होते, ह्यांनी वळून पाहिलं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, पुढे कुठे प्रवास, लग्नकार्य, जागरण? मी म्हटलं, नवरात्र आहे. दिव्याचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, नऊ रात्री जागलात तर हे सगळं परत पहिल्यापासून, आणि दुसऱ्यांदा जास्त अवघड जातं. मी सरी, सरी, म्हणजे बरं बरं, म्हणून बाहेर आले. घरी कुणाला बोलले नाही.

१७ सप्टेंबर

विमलाक्कांचा फोन. "तेल घाण्याचंच आण हं. तू आहेस म्हणून दिव्याची काळजी नाही." सांगायला तोंड उघडलं आणि "हो अक्का" म्हणून मोकळी झाले. भित्री कुठली!

काल रात्र पुन्हा वाईट. नुसत्या विचारानेच. एकदा वाटतं, देवी रागवेल. एकदा वाटतं, तिला खरंच माझी दया असती तर इतकी वर्षं... नको. असलं लिहू नये.

पण खरं सांगू? मला झोप पाहिजे. मान नको, पाया पडणं नको. झोप पाहिजे.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

सांगितलं. पानं वाढून झाली, सगळे जेवले, ताक वाढता वाढता बोलून टाकलं. "यंदा दिव्याशी मी बसणार नाही."

विमलाक्कांनी पानातला हात उचलला. "देवीने दिलेलं परत करतेस?"

माझा आवाज चढला. "अक्का, दिलेलं कसलं? दूध उतू जाऊन गॅस घरभर झाला होता, ते पण देवीनेच दिलं का?" इतक्या वर्षांत त्यांना उलटून बोलले नव्हते. ताक सांडलं.

मेघा मधे पडली. "आई, बॅटरीवरचा दिवा मिळतो, अगदी खऱ्यासारखा." विमलाक्कांनी तिच्याकडे असं पाहिलं की बिचारीने मुकाट्याने लोणचं वाढलं. गिरीश, म्हणजे माझा मुलगा, मोबाइलमध्ये. असल्या वेळी त्याला हमखास ऑफिसचे मेसेज येतात.

आणि मग हे म्हणाले, "मी बसतो."

आधी कुणाला खरंच वाटलं नाही. मग सगळे हसले, विमलाक्कासुद्धा. ज्या माणसाला स्वतःच्या लग्नात अक्षतांच्या आधी डुलकी लागली होती तो दिव्याशी बसणार! हे हसले नाहीत. म्हणाले, "इतकी वर्षं ती बसली. आता मी." आणि ताक मागितलं.

रडू आलं मला, पण विमलाक्कांसमोर नाही रडले.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

घट बसले. ह्यांनीच दिवा लावला, काडेपेटीने, आणि पेटी स्वयंपाकघरात ठेवून आले. आमच्याकडे पद्धतच आहे, एकदा हा दिवा लागला की दसऱ्यापर्यंत देवघरात काडी ओढायची नाही. उदबत्ती, निरांजन सगळं ह्याच ज्योतीवरून. सासूबाई फार कडक होत्या यात.

ह्यांनी खुर्ची, शाल, रेडिओ, फ्लास्कमध्ये कॉफी अशी तयारी केली आहे. युद्धावर निघाल्यासारखी. मला आत पिटाळलं. "जा झोप."

२४ सप्टेंबर

झोप कसली! कान देवघराकडे. हे खोकले तरी उठून बसते. काल दोनदा डोकावले. तर हातवारे करून परत पाठवलं. खुर्चीत ताठ बसलेले, डोळे तारवटलेले. दुपारी मात्र आडवे होतात. त्यांना चालतं, त्यांना डॉक्टरने कुठे मनाई केलीय.

मत्सर वाटला. कशाचा ते कळेना. माझी जागा होती ती.

२७ सप्टेंबर

परवापासून लागते आहे झोप. काल तर छानच. सकाळी देवघरात गेले, दिवा शांत तेवतोय, तेल काठोकाठ, काजळी झाडलेली. मी इतक्या निगुतीने कधी राखण केली नसेल. विमलाक्कांचा रोज सकाळी फोन येतो, "आहे ना?" हे म्हणतात, "आहे, आहे." दिव्याचं विचारतात की ह्यांचं, देव जाणे.

३० सप्टेंबर, अष्टमी

पुरण घातलं. पाय दुखताहेत, पण चांगले दुखताहेत. आत्ताच डोळे मिटायला लागलेत. हे थकलेत, चेहरा उतरलाय. म्हटलं, आजच्या दिवस मी बसू का? "गप झोप," म्हणाले. झोपते.

१ ऑक्टोबर, नवमी

मेल्यासारखी झोपले.

सकाळी दिवा तेवत होता. निर्माल्याची टोपली रिकामी करायला घेतली तर तळाशी, शेवंतीच्या खाली, जळकी काडी.

काडेपेटीची काडी.

मी तिथेच खाली बसले. विझला होता. रात्री कधीतरी खुर्चीत ह्यांचा डोळा लागला असणार आणि दिवा... आणि ह्यांनी उठून स्वयंपाकघरातून पेटी आणली. एकट्याने. अंधारात.

बाहेर हे फोनवर विमलाक्कांना सांगत होते, "आहे, आहे." आवाज नेहमीसारखाच.

काडी कमरेला खोचली. निर्माल्य तुळशीत घातलं, काडी कुंडीत मातीत खाली दाबली. देवीची भीती वाटायला हवी होती. वाटली, थोडी. पण पहिला विचार आला तो हा, की मी जागी असते तर विझला नसता. आणि दुसरा, की मी किती छान झोपले होते. दोन्ही विचारांची लाज वाटली.

दुपारी गिरीश आयुधपूजेला मोटरसायकल घेऊन आला. हार, कोहळा, चाकाखाली लिंबं. ह्यांनी दोन लिंबं जास्तीची ठेवली. मग म्हणाले, "आज रिंगरोडने जाऊ नकोस." गिरीश म्हणाला, "अण्णा, मग काय उडत जाऊ?" सगळे हसले. हे चाकाकडेच बघत राहिले.

२ ऑक्टोबर, दसरा

घट उठले. विमलाक्का आल्या, दिव्याला नमस्कार केला, मग सगळ्यांसमोर ह्यांच्या पाठीवर हात फिरवला. "राखलास रे बाबा." हे म्हणाले, "हं." सोनं द्यायला उठले तेव्हा पानं हातातून खाली पडली.

मी बोलणार होते. घर भरलेलं होतं.

४ ऑक्टोबर

आता दिवा नाही, खुर्ची जागेवर गेली, तरी हे झोपत नाहीत. बाजूला घोरणं नाही म्हणून मलाच जाग आली. हे पाठ करून पडलेले. श्वासावरून कळतं मला, त्यात माझा हात कोण धरणार!

रोज संध्याकाळी गिरीशला फोन. "के. आर. पुरमला घरी पोचलास का?" जन्मात कधी विचारलं नव्हतं. मेघाने मला वेगळा फोन केला, "आई, अण्णांना बरं आहे ना?" म्हटलं, आहे.

काडीचं बोलले तर त्यांना हलकं वाटेल की जास्तच लाज वाटेल? मला माहीत आहे असं कळलं तर त्यांना विमलाक्कांकडे बघता येईल का? आणि नाहीच बोलले तर हे असेच... एकदा तोंड उघडलं, "अहो," म्हटलं. "काय?" "काही नाही, भाजी काय करू?" "कर काहीतरी."

६ ऑक्टोबर, कोजागरी

सकाळी कॉफी दिली. कप हातात धरून बसले, प्याले नाहीत. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अगं, झोप येत नसली की तू काय करायचीस?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शेजारी पडून सगळी वर्षं घोरलेला माणूस. आधी रागच आला. वाटलं म्हणावं, आता विचारता? मग त्यांचे डोळे पाहिले. माझेच डोळे ते, आरशात पाहत आले तसे.

"सांगते," म्हटलं. "रात्री. गच्चीवर दूध घ्यायला जाऊ तेव्हा." आणि दुपारच्या डिकॉक्शनचं भांडं उचलून कपाटात ठेवून दिलं. ते म्हणाले, "हे काय?" म्हटलं, "नियम आहे."

दूध आटवायला ठेवलंय, समोर उभी आहे, हलत नाही. केशर, चारोळी, बदाम काढून ठेवले. आज सगळ्यांनीच जागायचं. काडीचंही आजच बोलायचं, दूध पिऊन झाल्यावर, हळूच. काय शब्दांत ते अजून ठरत नाही.

आणि मला मेलीला आत्तापासूनच जांभया येताहेत.