भर दुपारी मावळलेला दिवस

टिळकवाडी, बेळगाव
९ मार्च १९३८

चि. भगिनी पद्मावतीस आण्णाचा आशीर्वाद.

घरी सगळे खुशाल. तुझे गुडघे कसे आहेत?

माझे बसल्या जागी झोपणे वाढले आहे गं. जागा झालो तरी स्वप्न डोळ्यांपुढून हलत नाही. परवा नातीला, ब्राह्मीला, बघायला पाहुणे आलते. दुपारी जेवताना मला डुलकी लागली. डोळे उघडले तो सगळा अंधार, आणि स्वप्नातल्या शाळेतली पोरे सांजवेळेची कविता म्हणत होती. मी ओरडलो, "दिवस मावळला, जैनाला आता खाणं पाप. ताटं उचला." मुलाच्या वडिलांपुढचे ताट ओढलेसुद्धा. बाहेर लख्ख ऊन होते. ते हात धुऊन उठले. अजून निरोप नाही.

ब्राह्मी म्हणते, "जाऊ द्या आज्जा, मला ते घर न्हाईच आवडलं." तिला खोटे बोलताना मी आजवर पाहिले नव्हते.

पुढचे पाहुणे येतील तेव्हा मला तुझ्याकडे ठेवून घेशील?

तुझा,
आण्णा