चार वेळा लिहिलेलं पान

बाबा, तुमचे कागद परवा नागपूरच्या ग्रंथालयात गेले. दोन पेट्या भरल्या. नौदलातल्या वह्या, भाषणांची टिपणं, आणि ज्या पुस्तकामुळे यवतमाळात तुम्हाला लोक थांबवून नमस्कार करायचे, त्याचं हस्तलिखित. चुकीचा हुकूम मानणारा माणूस हुकूम देणाऱ्याइतकाच दोषी, असं तुम्ही त्यात लिहिलंत. माझी मॅट्रिक झाली त्या उन्हाळ्यात, सत्तावन्न साली, त्याची स्वच्छ प्रत मीच काढली.

त्याच उन्हाळ्यात ढाणकीकडच्या तांड्यावरून ती बाई आली. तिचा मुलगा युद्धात तुमच्या बोटीवर इंजिनखान्यात होता. तांड्यावरच्या मास्तरांनी तिला वर्तमानपत्रात बोटीच्या नावासकट छापलेला तुमचा फोटो दाखवला होता. मी खुर्ची पुढे केली, पण ती खालीच बसली. कोपरापर्यंतच्या बांगड्या सावरत म्हणाली, "सायेब, मले एवढंच सांगा, माह्या लेकराले लय तरास झाला का? मले वाटते, त्यानं याडी म्हणून हाक मारली असन." याडी म्हणजे आई, त्यांच्या बोलीत.

तुम्ही म्हणालात, "नाही बाई. झोपेतच गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही."

"झोपेतच?" ती पदर तोंडाला लावून रडली आणि रडता रडता हसली. ती गेल्यावर मी दारातच उभी, तर तुम्ही माझ्यावर ओरडलात, "बघतेस काय? लिहायला बस!" मला वाटलं, माझाच राग आलाय.

या हिवाळ्यात पेट्या लावताना एकाच मजकुराची चार पानं सापडली. बोटीत पाणी शिरतंय. कप्तानाचा हुकूम येतो, झाकण लावा. तुम्ही लावता. खाली इंजिनखान्यात तिचा मुलगा एकटा आहे. तो आतून ठोकतो, आधी थांबून थांबून, मग सारखा. मग 'याडी'. झाकण लावलं नसतं तर सगळेच बुडाले असते, हे वाक्य तीन पानांवर आहे. चौथ्यावर तुम्ही ते खोडलंय. पुस्तकात यातलं अक्षरही नाही. आता शेजारी कुणी मिरची कुटायला लागलं की माझ्या हातातला घास तसाच राहतो.

ती पानं घेऊन मी तांड्यावर गेले. ती बाई कधीच वारली. तिची नात भेटली. "आजी सांगे, काका झोपेत गेला. सुखानं गेला म्हने," ती म्हणाली आणि मला आग्रहानं भाकरी वाढली. मी जेवले. पानं पिशवीतच राहिली. ग्रंथालयातल्या मुलीनं, "आणखी काही राह्यलं का, मॅडम?" असं विचारलं, तेव्हाही मी नाही म्हणाले.

कुणी विचारलंच तर सांगेन, त्या नातीचं मन मोडवलं नाही. पण ते खरं नाही, बाबा. तिच्यासमोर बसले असताना मला फक्त तुमच्या नावाची काळजी होती.