चौरंगावरचा ड्रायर

१० नोव्हेंबर, सोमवार
वॉशिंग मशीनचा ड्रायर आवाज करतोय. साधासुधा नाही, गिरणीत कुणी खडे टाकावेत तसा. शेजारच्या भक्तीवहिनींचं बाळ दचकून उठलं म्हणे. मशीन कोरी करकरीत आहे. ती लग्नासाठी घेतली, माझ्या. हल्लीच्या मुली पहिला प्रश्न विचारतात की कपडे कशात धुता. मागच्या स्थळानेही विचारला आणि आईने धुण्याच्या दगडाकडे बोट दाखवलं. स्थळ गेलं.

मशीन बैठकीत ठेवलीय, दारातून येताच दिसावी म्हणून. सत्यनारायणाचे दोन चौरंग जोडले, धुण्याची बाजू एकावर, ड्रायर दुसऱ्यावर. आई म्हणाली, चौरंग हलायलाय, मशीन खाली ठिव. आईला शोभा कळत नाही.

रविवारी ऋतिकाकडचे घर बघायला येणार. मुलगी बी.एस्सी. आहे आणि नोकरीवालाच पाहिजे असा हट्ट नाही. लांबच्या बन्सीधरमामांनी हे स्थळ आणलं. आमच्या झरी गावात कुणाला असं आलेलं नाही. ऐन वेळी ड्रायर बोंबलला तर संपलं. मेकॅनिक बोलावला की गावभर होईल. मी स्वतः दुरुस्त करणार.
संकल्प: उद्या पहाटे पाचला सुरुवात.

११ नोव्हेंबर, सकाळी पावणेदहा
आत्ताच उठलो. थंडी होती.
दुरुस्तीचा व्हिडिओ अर्धा पाहिला. बाकीचा अंदाज आला. दोष मोटरमध्ये.
आई कापूस वेचायला गेली. जाण्याआधी सगळं धुणं दगडावर आपटून गेली. मशीनमंदी टाकू का, असं तिने विचारलं होतं. मी पांघरुणातूनच नाही म्हणालो. मशीनवरचं प्लास्टिक येणाऱ्या सुनेने काढायचंय. हे आईला दर वेळी नव्याने सांगावं लागतं.

१२ नोव्हेंबर
मागचं झाकण उघडलं. मोटर चांगली दिसली, म्हणून तेल घातलं. शिलाई मशीनचं तेल संपलं होतं, खोबरेल घातलं. आवाज तसाच, वास मात्र छान येतो.
झाकण बसवल्यावर काही स्क्रू उरले. कंपनीवाले उगाच जास्त लावतात.
आई परत म्हणाली की चौरंगाचा एक पाय आखूड हाय. तू किती शिकलीस, असं मी विचारलं. ती चुलीकडे गेली. कधीकधी तोडून बोलल्याशिवाय घरात शिस्त राहत नाही.

१३ नोव्हेंबर
आज आईला ड्रायर दोन्ही हातांनी दाबून धरायला लावला. तिचं वजन कमी, काही फरक पडला नाही. शिवाय तिची कवळी वाजायला लागली आणि मूळ आवाज नीट ऐकू येईना. कवळी काढून ठेवायला सांगितली. पुन्हा ट्रायल. निष्कर्ष: दोष मोटरमध्ये नाही.

१४ नोव्हेंबर
सापडला. झाकण उघडलं की ड्रायर थांबतो, म्हणजे त्याला ब्रेक आहे. ब्रेक घासतो म्हणून आवाज येतो. मोटरसायकलचं तसंच असतं. ब्रेकची तार काढून फेकली. झाकण उघडताच करंट तोडणारं बटण होतं, त्याच्या दोन्ही वायरी एकत्र पिळून टाकल्या. आता झाकण उघडलं तरी ड्रायर फिरत राहतो. आत काय चाललंय ते डोळ्यांनी बघता येतं. कंपनीला एवढं साधं सुचू नये.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळ
फायनल ट्रायल. माझे कपडे फाटले असते, म्हणून आईचं लुगडं टाकलं. मी मोबाईलवर शूटिंग करत होतो. आईला म्हणालो, काढ आता. तिने हात घातला. ड्रायर फिरत होता. लुगडं हाताला गुंडाळत गेलं. मी ताबडतोब प्लग काढला, म्हणजे मोबाईल खिशात ठेवल्यावर.
परभणीला नेलं. मनगटाचं हाड मोडलंय. कोपरापर्यंत प्लास्टर. उद्या पाहुणे येणार आणि आज हे. आईला पहिल्यापासून घाईच फार.
कसं झालं, असं डॉक्टरांनी विचारलं. न्हाणीत पाय घसरला, म्हणाली. मी काही तिला शिकवलं नव्हतं.
आवाज थोडा कमी वाटला. पण आई ओरडत होती, त्यामुळे खात्रीने लिहिता येत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
पाहुणे आले. ऋतिका, तिचे वडील सुग्रीवराव आणि आत्या. पोहे भक्तीवहिनींनी केले. आत्याने मशीनच्या प्लास्टिकवरून हात फिरवला, झालं. चालू करून दाखवा असं कुणीच म्हणालं नाही. आठवडाभराची मेहनत पाण्यात गेली.
ऋतिका आईजवळ बसली. हाताचं विचारलं. आई न्हाणीच म्हणाली. मुलीने आईचा दुसरा हात हातात घेऊन बघितला. धुण्याच्या सोड्याने बोटांना भेगा पडल्यात. मग तिने मशीनकडे बघितलं आणि मान खाली घातली. लाजाळू आहे. पसंती धरून चालायला हरकत नाही.

१८ नोव्हेंबर
नकार.
बन्सीधरमामांनी फोनवर सांगितलं. मुलीकडचे म्हणतात, सासूचा हात मोडला, आता भाकरी थापायला कुणी न्हाई, म्हणून हे सून बघायलेत.
म्हणजे स्थळ प्लास्टरमुळे गेलं. शाल पांघरून बस, असं मी आईला बजावलं होतं. तेच पुन्हा सुनावलं. ती रडली. रडून हाड जुळत नाही, हेही सांगितलं.

२० नोव्हेंबर
बहीण दैवशाला पाथरीहून आली. आईने तिलाही न्हाणीच सांगितली. दैवशाला न्हाणी बघून आली. मग बैठकीत जाऊन तिने ड्रायर चालू केला, झाकण उघडलं आणि नुसती बघत राहिली. आईची पिशवी भरली आणि जीपने घेऊन गेली. दोन्ही चौरंगही टपावर टाकले, तिच्याकडे पूजा आहे म्हणे.
मशीन आता फरशीवर आहे. आवाज पूर्ण बंद. तेल मुरायला वेळ लागतो, हे लोकांना कळत नाही.

२५ नोव्हेंबर
नवं स्थळ, निकिता. मामा म्हणाले, रविवारी येतील. पण घरात बाईमाणूस नसेल तर मुलीकडचे पाणीसुद्धा पिणार नाहीत. आईला फोन केला, एका दिवसापुरती ये म्हणालो.
आई म्हणाली, येते की. पन ह्या बारीला हाताचं इचारलं तर खरं सांगंन. कुनाची तरी लेक हाय ती, उद्या तिलाबी तू हात घालाया लावशील.
माझं लग्न होऊ नये असं वाटतं का तुला, असं विचारलं. मीच फोन ठेवला.

२६ नोव्हेंबर, संध्याकाळ
मामांना कळवलं की यंदा आमचा विचार नाही. का रं, काय झालं, असं त्यांनी दोनदा विचारलं. मुलगी शोभणार नाही, म्हणालो. आजवरचे सगळे नकार तिकडून आले होते, हा पहिला आपण दिला. बरं वाटलं.
घालायला धुतलेला शर्ट उरला नव्हता. प्लास्टिक फाडलं, माझे कपडे मशीनमध्ये धुतले, ड्रायरमध्ये टाकले. झाकण उघडलं तर ड्रायर फिरतच होता. प्लग काढला. थांबला. तरी हात घालवेना.
शेवटी कालचाच शर्ट घातला.