बुचावरची तीन टिंबं

पनवेल,
शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

चि. निकेश यास आशीर्वाद.

'अनेक उत्तम' लिहायची सवय आहे, पण आज एकावरच भागव. आम्ही ठीक आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा दुखतो, तो दुखतच असतो. हेतलला बारावीच्या चाचणीत चांगले मार्क पडल्याचं तुझ्या बायकोने, दिपिकाने कळवलं, पोरीला माझी शाबासकी सांग. खांदा कॉलनीतल्या नव्या घराच्या रंगाचे फोटोही तिनेच पाठवले. छान आहे रंग. झाली ख्यालीखुशाली.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. आठवड्यात तुला सात फोन केले. पाच तू कापलेस. एकदा म्हणालास, "दादा, साइटवर हाय, मंग करतो." आणि एकदा, "मशीन सोमवारी पायजे. जास्त उघडू नको. चक बदल आन् दे पाठवून." जास्त उघडू नको! हे तू मला सांगतोस? पाना कुठल्या बाजूने फिरवायचा हे तुला कोणी शिकवलं, ते तरी आठव. तुझे शब्द कानात राहिले म्हणूनच मी ते मशीन शेवटच्या स्प्रिंगपर्यंत उघडलं. सोमवारी मशीन येईल, त्याच्या हँडलला हे पत्र बांधलेलं असेल. ते तुला कापता येणार नाही.

बुधवारी दुकानात गोदा आली. जैतूची बायको. जैतू कोण ते विसरला असशील, तर तुझ्या खाणीत बारा वर्षं ज्याने हेच मशीन पोटाशी धरून दगडात होल मारले, तो. आता सरकारी दवाखान्यात खाटेवर बसून असतो, कारण आडवा झाला की त्याला श्वास पुरत नाही. आठ महिने टीबीच्या गोळ्या खाऊन काही फरक नाही. नवीन डॉक्टरीणबाई आल्या आहेत, त्यांना शंका आली की हा टीबी नसून दगडाची धूळ छातीत बसली आहे. त्यांनी विचारलं, धुळीत काम होतं का, मालकाकडून लिहून आणा. गोदा तुझ्याकडे गेली आणि तू लिहून दिलंस.

कागद माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "मालक चांगला हाय, दादा. लगेच लिवून दिला. यात काय लिवलाय ता वाचा."

मी वाचलं. तुझ्या लेटरहेडवर, शिक्क्यासकट: 'आमच्या खाणीत सर्व होल पाण्याचा वापर करूनच मारले जातात. सदर कामगाराचा धुळीशी संबंध आलेला नाही.'

गोदाने कागद स्वतःकडे वळवून बघितला. मग म्हणाली, "पानी? कुठं व्हता पानी?"

ती तुझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने कागदाची घडी घातली, कमरेच्या पिशवीत ठेवली आणि बसस्टँडकडे चालू लागली. तुला लाज वाटत नाही का रे? आपल्या घरी जेवलेला माणूस आहे तो. आणि त्याच्या जागी सोमवारपासून हे मशीन कोण धरणार, तर भरत. त्याचाच सख्खा भाऊ. एक छाती संपली, आता दुसरी!

गुरुवारी मशीन बाकावर घेतलं. बाहेरून डिझेलने धुतलं. दोन्ही बाजूंचे लांब बोल्ट आळीपाळीने, अर्धा अर्धा आटा सैल केले. तुझ्या मिस्त्र्याला हे कोणीतरी शिकव. तो एक बाजू पूर्ण काढून मग दुसरीला हात घालतो, त्यामुळे सिलिंडर तिरका होऊन आत ओरखडे पडलेत. तेलाचं भांडं कोरडं ठणठणीत. दगडात घुसणारा रॉड ज्यात बसतो त्या चकचं सहा कोनी घर झिजून जवळजवळ गोल झालंय, म्हणून रॉड वाकडा बसतो, आणि पिस्टनच्या तोंडाचा कपचा उडालाय. पिस्टन फिरवणारे चार खटके, त्यातल्या दोघांच्या स्प्रिंगा मेलेल्या. अशा मशीनवर माणूस जोर लावून लावून मरतो आणि तुम्ही म्हणता, आळशी आहे, होल मारत नाही.

हे सगळं दुरुस्त होतं. केलं. पण मागचं डोकं उतरवल्यावर आत जी पिठी होती, ती मी बोटावर घेऊन बघितली. तांदळाच्या पिठीसारखी मऊ, पांढरट. पाण्यावर चालणाऱ्या मशीनमध्ये ती नसते. पाण्याची बारीक नळी पिस्टनच्या मधून थेट रॉडच्या पोटात जाते, होलातली धूळ तिथेच चिखल होऊन बाहेर येते. तुझ्या मशीनमध्ये पाण्याची नळी नव्हती. तिच्या जागी धूळ बाहेर फुंकणारी हवेची होती, आणि पाण्याच्या तोंडावर पितळी बूच घट्ट बसवलेलं होतं.

'कोणाची हिंमत झाली हे बूच ठोकायची? कुठल्या नालायकाने केलं हे काम?' असं मी काल रात्री लिहिलं होतं. पुढे दीड पान शिव्या होत्या. ते पान सकाळी फाडलं.

निकेश, ते बूच मी बसवलं. तुलाही माहीत आहे, म्हणूनच तू म्हणालास, जास्त उघडू नको.

२०१९चा मे महिना. टँकर मिळत नव्हता. तू सहा मशीनं टेम्पोत घालून दुकानात आलास. "दादा, एवढा उनाला फक्त. पाऊस परला का काढू." मी लेथवर सहा बुचं बनवली. झकास बसली, जराही हवा गळत नव्हती. आणि सवयीने प्रत्येकावर पंच मारला. तीन टिंबं. बाबा मिठागरातल्या फावड्यांवर मारायचे तीच, म्हणजे शेजारच्या आगरात गेलं तरी आपलं हत्यार आपल्याला ओळखू येईल. मी बनवलेल्या प्रत्येक वस्तूवर मी ती मारतो, तुला माहीत आहे. त्या दिवशी मला माझ्या कामाचा अभिमान वाटला होता. हे लिहिताना हात थांबतो, पण वाटला होता.

मशीनं उतरवायला टेम्पोबरोबर जैतूही आला होता. त्याने बूच बघितलं आणि मला विचारलं, "दादा, पानी नाय तं धूल कुठं जानार?"

मी हसलो. म्हणालो, "तोंडाला फडकं बांध."

तू तेव्हा बाहेर चहा पीत होतास. हे माझं एकट्याचं आहे, तुझ्या माथी मारत नाही.

आणि तेवढंच असतं तर एक चूक म्हणून सोडलं असतं. पाऊस पडला, तू बूच काढायला मशीनं आणली नाहीस, मीही आठवण केली नाही. त्यानंतर हे मशीन माझ्या बाकावर तेरा वेळा आलं. तेरा वेळा मी ते बूच काढलं, डिझेलमध्ये धुतलं, टिंबं बघितली आणि परत बसवलं. प्रत्येक वेळी आत ती पिठी होती. मशीनच्या आत इतकी, तर धरणाऱ्याच्या आत किती, एवढं समजायला शाळा लागत नाही. मला तुझा राग येतो निकेश, फार येतो, पण तुझ्याकडे निदान खाण चालवायचं निमित्त तरी होतं. माझ्याकडे काय होतं? भाऊ नाराज होईल, एवढंच.

आज सकाळी ते बूच खिशात घालून दवाखान्यात गेलो. जैतू ओळखू येत नाही. खांद्याची हाडं वर आलीत, बोलताना प्रत्येक शब्दानंतर थांबतो. बूच त्याच्या हातात ठेवलं. त्याने अंगठा फिरवून टिंबं चाचपली.

"तुमचाच हाय, दादा," म्हणाला.

मी म्हणालो, "तुला ठाऊक होतं?"

"मशीन मी धरलेला ना," तो म्हणाला. "मना नाय ठाव व्हनार तं कोनाला?"

सहा वर्षं ठाऊक होतं. दुकानात आला की पाया पडायचा.

डॉक्टरीणबाईंसमोर बसून मी सगळं लिहून दिलं. खाणीत सहा वर्षं पाण्याशिवाय होल मारले गेले, मशीनं मी तशी करून दिली, करायला तू सांगितलंस. तुझं नाव लिहिलं. आधी माझं लिहिलं. बूच त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. त्या म्हणाल्या, बसलेली धूळ निघणार नाही, पण निदान चुकीच्या गोळ्या थांबतील, श्वासासाठी जे करता येईल ते सुरू करता येईल. गोदाने विचारलं, "मंजे बरा नाय व्हनार?"

आता मशीनचं. पाण्याची नवी नळी घातली आहे, तोंड मोकळं आहे. भरतला दुकानात बोलावून मशीन त्याच्याकडून एकदा उघडून घेतलं आणि जोडून घेतलं, त्यामुळे नळी आत आहे की नाही हे यापुढे त्याला कोणाला विचारावं लागणार नाही. पाण्याचा पाइप जोडल्याशिवाय तो मशीनला हात लावणार नाही, आणि त्यावरून त्याला कामावरून काढलंस तर तो माझ्या दुकानात कामाला येईल. बाकीची पाच मशीनं मंगळवारी पाठव. नाही पाठवलीस तर मी पाने घेऊन खाणीवर येईन आणि सगळ्यांच्या देखत एकेक उघडीन.

दिवाळीला यायचं की नाही ते तू ठरव. वहिनी तुझ्यासाठी करंज्या करणारच आहे, तिला मी अडवलेलं नाही. पण येण्याआधी दवाखान्यात जाऊन ये. तिथे गेल्याशिवाय माझ्या दारात उभा राहू नकोस.

या वेळी मशीनवर टिंबं मारली नाहीत. डॉक्टरीणबाईंच्या कागदावर केली तीच सही खाली करतो.

तुझा दादा, आणि ते बूच बसवणारा,
महादेव काशिनाथ घरत