दुसऱ्या भागातला 'धप्'

मी, वामन इसरू निमगडे, वय ७८, सेवानिवृत्त स्टेशन मास्तर, राहणार नागभीड, जिल्हा चंद्रपूर, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल डॉ. ज्योत्स्ना रामटेके यांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देताना त्या क्षणभर थांबल्या, कारण माझी पत्नी बायनाबाई शेजारून म्हणाली, "एकच बाजा सहा येळा इकत घेनारा मानूस शुद्धीत रायते का, डॉक्टरीनबाई?" तरी दाखला मिळाला.

१. राहते घर (कलम ७ मधली खोली सोडून) आणि बँकेतली ठेव बायनाबाईची. तिच्यानंतर मुलगा अश्वजित व मुलगी संघप्रिया यांची, सारख्या वाट्याने. याबाबत कोणाचा वाद नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

२. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा व्हावा. माझ्या संगीताच्या शौकावर कोणी भाषण करू नये. करणाऱ्यांपैकी एकानेही कधी अर्ध्या तासाच्या वर ऐकलेले नाही.

३. आता खऱ्या मालमत्तेकडे वळतो. एका परदेशी वाद्यवृंदाच्या एकाच सिंफनीचे एकच ध्वनिमुद्रण माझ्याकडे सहा आवृत्त्यांत आहे. पहिली काळी तबकडी १९८९ साली बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबांनी मला न उघडलेली दिली. त्यानंतर दर काही वर्षांनी ती काढणाऱ्या कंपनीला तळघरात तीच जुनी टेप नव्याने सापडत गेली. ती धुऊन-पुसून कंपनी वेष्टनावर छापायची : 'आता प्रथमच, मूळ टेपवर होते अगदी तसे.' हे 'प्रथमच' पाच वेळा झाले. नोकरीत मी सिग्नल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी सोडली नाही. कंपनीच्या शब्दावर मात्र दर वेळी सोडली.

४. कॅसेट शेजारचे लटारूभाऊ यांना द्यावी. धानाच्या बांधीवर तिची फीत ताणून पोपट हाकलायचे त्यांच्या मनात फार दिवसांपासून आहे. मी तेव्हा रागावलो होतो. पण वाऱ्यावर तशी फीत गुणगुणते ती मी ऐकली आहे, आणि माझ्या यंत्रात ती कधी इतकी बरी वाजली नाही.

५. तिन्ही सीडी माझे स्टेशनवरचे सोबती कोलू मडावी यांना. तिन्ही ओळीने ऐकवल्यावर ते म्हणाले होते, "वामनभाऊ, हे तं तेच हाय." मी त्यांच्याशी दोन महिने बोललो नाही. त्यांचे बरोबर होते. शिक्षा म्हणून तरी त्यांनी सीडी घ्याव्यात.

६. ॲम्प्लिफायर व स्पीकर आरमोरीला शिक्षिका असलेल्या संघप्रियाला. त्यावर काय वाजवावे हे मी सांगणार नाही. आयुष्यभर सांगितले, तेवढे पुरे.

७. हे कलम टाइप करताना टायपिस्ट निकेशने विचारले, "काकाजी, 'धप्' लिहू का? कायद्यात चालते का हे?" लिही म्हटले.

काळी तबकडी पहिल्यांदा लावली तेव्हा अश्वजित नऊ वर्षांचा होता आणि त्याच खोलीत पलंगाजवळ खेळत होता. सिंफनीच्या दुसऱ्या भागात बासरी थांबते आणि सगळे गप्प होतात. नेमके तिथे 'धप्' झाले. पुन्हा लावली, पुन्हा तिथेच 'धप्'. पोराने पलंगावरून उडी मारली, सुई रुतली आणि तबकडीला कायमची खोक पडली, असा मी निवाडा दिला. "मी नाई मारलो उडी, बाबा," तो म्हणाला. मी त्याला दोन थोबाडीत दिल्या आणि बोलणे टाकले. तिसऱ्या दिवशी तो दारात उभा राहून म्हणाला, "हो बाबा, मीच मारलो." कबुली मिळाली म्हणून मला समाधान वाटले. त्यानंतर तो त्या खोलीत आला नाही.

पुढे कॅसेट घेतली, तिच्यात 'धप्' नव्हते. तिन्ही सीडींत नव्हते. मी प्रत्येक वेळी बायनाबाईला बोलावून पोराच्या उडीचा पुरावा ऐकवला.

गेल्या वर्षी सहावी आवृत्ती पेटीत घालून आली, मूळ टेपवरून, काहीही न पुसता. दुसरा भाग, बासरी थांबली, आणि 'धप्'. मी खराब माल आला म्हणून कंपनीला पत्र लिहायला बसलो. मग सोबतची पुस्तिका वाचली. ध्वनिमुद्रणाच्या वेळी वाद्यवृंदाच्या संचालकांनी भावनेच्या भरात पाय आपटला होता. मधल्या आवृत्त्यांत तो दोष म्हणून काढून टाकला. आता ऐतिहासिक ठेवा म्हणून परत बसवला आहे. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत जाहिरातही आहे. ज्या आवाजासाठी मी पोराला मारले, त्या आवाजासाठी मी जास्तीची किंमत मोजली.

अश्वजित आता भामरागडला आश्रमशाळेत शिक्षक आहे. पावसाळ्यात रस्ता बंद असतो, आणि उरलेले आठ महिने त्याच्याकडे दुसरी कारणे असतात. आला तरी बाहेरच चपला काढतो आणि त्या खोलीवरून पावले न वाजवता जातो. पंचेचाळीस वर्षांचा माणूस आहे तो.

तबकडी, नवी पेटी, रेकॉर्ड प्लेअर आणि ती खोली अश्वजितची. माझी चूक झाली. तो खरे बोलला होता.

८. वरील कलमे माझ्या मृत्यूनंतर लागू होतील. हे कलम सही होताच लागू आहे. बायनाबाई म्हणते, "कागद काऊन करून राह्यले? फोन लावा ना त्याले." फोनवर मला तब्येत आणि पाऊस यापलीकडे बोलता येत नाही, म्हणून या कागदाची एक प्रत आजच भामरागडला पाठवत आहे.

अश्वजितने घरी यावे. चपला पायातच ठेवून, पाय वाजवत त्या खोलीत यावे. जुनी तबकडी मी लावीन. बासरी थांबली की त्याने पलंगावरून दोन्ही पायांनी उडी मारावी. जोरात मारावी. सुई उडाली तर उडू द्यावी. तबकडी त्याची आहे.

सही : वामन इसरू निमगडे

आमच्यादेखत वाचून सही केली. स्वतःच्या मर्जीनेच केली.
साक्षीदार : १. डॉ. ज्योत्स्ना रामटेके  २. निकेश बोरकर, टायपिस्ट

नागभीड, दिनांक २३ नोव्हेंबर २०२५